पाणसळ : वैनगंगेच्या खोऱ्यातील समपातळीची विद्या

इतिहासावरील व्याख्यान म्हटले की राजे, लढाया, संत आणि ग्रंथकार हे विषय आपसूक येतात. आजचा विषय त्या मानाने किरकोळ वाटेल. बालाघाटात कुठेही घराचे बांधकाम चालू असेल तर तिथे एका कोपऱ्यात पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचे वेटोळे पडलेले दिसते. मिस्त्री तिला 'लेवल पाइप' म्हणतो. नळीत पाणी भरतात, एक टोक मिस्त्री धरतो, दुसरे रेजा किंवा हेल्पर धरतो, आणि दोन भिंतींवर एकाच उंचीच्या दोन खुणा उमटतात. शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या या नळीमागे जी विद्या आहे तिच्यावर आपल्या जिल्ह्यातली भातशेती, तलाव, कालवे आणि आपली घरे उभी आहेत. तिचा इतिहास आपण सलग असा कधी पाहिलेला नाही. तो पाहावा, आणि त्यातून आज आपल्यावर कोणते काम येते तेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम शब्द पाहू. मराठीत समपातळी दाखवणाऱ्या साधनाला पाणसळ म्हणतात. एखादा थर सरळ आडवा बसला तर तो 'पाणसळीत' आहे, असे जुने गवंडी म्हणत. पुढे बाजारात लाकडी किंवा पितळी पट्टीत बसवलेली काचेची नळी आली. तिच्यात मद्यार्क आणि हवेचा एक बुडबुडा असतो. त्या साधनालाही मराठीने पाणसळ हेच नाव दिले. आत पाणी उरले नाही, तरी नावात राहिले. ज्या समाजाने हे नाव दिले त्याला समपातळी कोण ठरवतो हे नेमके ठाऊक होते.

गवंड्याच्या हाती दोन साधने जोडीने असतात, ओळंबा आणि पाणसळ. ओळंबा उभी रेषा देतो, पाणसळ आडवी. दोन्हींच्या मागे जोर एकच, पृथ्वीच्या ओढीचा. दोरीला टांगलेले वजन त्या ओढीच्या दिशेला थांबते आणि स्थिर पाण्याचा पृष्ठभाग त्या दिशेशी काटकोन करून पसरतो. भिंत उभी आहे की कललेली, हे सरावलेला डोळा बरेचसे ओळखतो. वीस मीटर अंतरावरच्या दोन खांबांवर एकच उंची आहे का, हे मात्र डोळ्याला सांगता येत नाही. मधली जमीन उताराची असेल तर डोळा हमखास फसतो. तिथे पाण्याला विचारावे लागते.

हे विचारणे फार जुने आहे. 'सूर्यसिद्धान्ता'च्या त्रिप्रश्नाधिकारात छायेवरून दिशा काढण्याची रीत सांगितली आहे. तिची सुरुवात शंकू कुठे उभा करायचा येथून होते. जागा सपाट हवी, आणि शिळेचा तो सपाटपणा पाण्याने पारखून घेतलेला हवा, अशी तेथे अट आहे. दिशा, वेळ, अक्षांश हे सारे गणित पुढचे. पहिली पायरी पाण्याची. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात वीस फूट लांबीच्या एका लाकडी घोडीचे वर्णन केले आहे. तिला ओळंबे लावलेले असत. वाऱ्याने ओळंबे हलू लागले तर घोडीच्या माथ्यावर कोरलेल्या पन्हळीत पाणी ओतायचे आणि ते दोन्ही काठांना सारखे टेकते का ते पाहायचे. पुढे हेरॉन या अलेक्झांड्रियाच्या यंत्रज्ञाने धातूच्या नळीच्या दोन्ही टोकांना उभ्या काचनळ्या बसवून त्यांतील पाण्यावरून नजर लावण्याची योजना मांडली. आजच्या लेवल पाइपचा पूर्वज तिथे स्पष्ट दिसतो.

व्हिट्रुव्हियसने एक शंकाही नोंदवली आहे. आर्किमिडीजच्या मते पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसून पृथ्वीच्या गोलाप्रमाणे वाकलेला असतो. मग पाण्यावर विश्वास कसा ठेवायचा? शंका खरी आहे, पण बांधकामाला तिची बाधा होत नाही. वीस मीटरमध्ये हा बाक मिलिमीटरच्या तीन शतांशांइतका असतो. एक किलोमीटरवर तो सुमारे आठ सेंटिमीटर होतो. म्हणजे घराला तो लागत नाही. लांब पल्ल्याच्या मोजणीत मात्र हिशेबात धरावा लागतो.

मराठी मुलखात या तत्त्वाची मोठी उदाहरणे आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने औरंगाबादेत नहर आणली. तिथल्या पाणचक्कीचे पाणी दूरच्या डोंगराकडून बंद नळाने येते, उंच भिंतीत वर चढते आणि तिथून हौदात पडते. पाणी वर चढते याचे लोकांना नवल वाटते, पण ज्या उंचीवरून ते निघाले तिच्यापेक्षा खालीच ते पोहोचलेले असते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्याला पाणी आणले. मैलोगणती चालणाऱ्या त्या नळाला ठरावीक अंतरावर उसासे ठेवले आणि ढाळ असा साधला की पाणी तुंबूही नये आणि धावूही नये. या दोन्ही कामांत बांधणाऱ्यांनी आधी उंच-सखल मोजले आणि मग कुदळ मारली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 'बालाघाट' या नावातच पातळीचा उल्लेख आहे. 'बाला' म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट. १८६७ साली इंग्रजांनी भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा केला. तेव्हा आपल्या शहराचे नाव बुऱ्हा होते. जिल्ह्याचा खालचा भाग वैनगंगेच्या सपाट खोऱ्यात, वरचा भाग बैहर-परसवाड्याच्या पठारावर, आणि दोहोंमध्ये घाटाची चढण. पाऊस वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आगेमागे, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा जमिनीवर पोट भरायचे तर पाणी अडवावे लागते, आणि अडवायचे तर ते कुठे थांबेल हे आधी कळावे लागते.

धानाची बांधी हीच मुळी एक पाणसळ आहे. रोवणीआधी बांधीत पाणी भरतात, चिखल करतात आणि पाटा फिरवतात. जिथे ढेकूळ पाण्याबाहेर डोके काढते तो भाग उंच. तिथली माती ओढून खोलगट जागी टाकायची. साऱ्या बांधीत पाणी सारखे पसरेपर्यंत हे चालते. कारण उघड आहे. जिथे पाणी कमी तिथे तण माजते आणि रोप सुकते. जिथे जास्त तिथे रोप बुडते. यंत्र नाही, फूटपट्टी नाही. पाणीच काय ते दाखवते. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, तिथून तिसरीत पाणी उतरवत नेताना धुऱ्याची उंची चार बोटांनी चुकली तरी शेवटचा शेतकरी कोरडा राहतो.

या कामात आपल्या खोऱ्यात पोवार आणि कोहळी या दोन समाजांनी नाव मिळवले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लछमन नाईक यांनी परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवली, ही नोंद इंग्रजी काळातल्या संदर्भग्रंथांत आहे. पोवारांविषयी तर असे कौतुकाने म्हटले जाई की ते पाणी चढावरही नेतात. पाणी चढावर जात नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होते. ज्या जमिनीचा ढाळ इतरांना दिसत नाही तो पोवाराला दिसतो, असा त्याचा अर्थ. कोहळी हे तलाव बांधणारे. गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले अशी परंपरा सांगतात. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरकडचे अनेक जुने तलाव त्यांनी बांधले. नवेगाव बांध हा कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. दोन टेकड्यांच्या मधली खिंड हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, आणि जादा पाणी जायला एका बाजूला सांडवा ठेवायचा, ही त्यांची रीत. सांडव्याचा उंबरठा जिथे धराल तिथपर्यंत पाणी पसरणार. कोणाची शेती भिजणार, कोणाची बुडणार आणि पाळ टिकणार की फुटणार, हे त्या एका उंचीवर ठरते.

भोसल्यांच्या राजवटीत आणि पुढे इंग्रजी अमलात हे तलाव गावच्या मालगुजाराकडे होते, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. आपल्यापैकी काही घराण्यांचे पूर्वज त्या काळात कारकुनी, मालगुजारी किंवा वकिली करत या भागात स्थिरावले. त्यांच्या दप्तरात तलावाचे कागद असत. पाळीवर उभे राहून पातळी धरणाऱ्या माणसाचे नाव त्या कागदांत सहसा नसे.

इंग्रजांबरोबर दुसऱ्या जातीची पाणसळ आली. १८३२ साली विल्यम ग्रॅव्हॅट या इंग्रज अभियंत्याने 'डंपी लेव्हल' हे दुर्बिणीचे यंत्र केले. तिपाईवर ते बसवायचे, बुडबुडा मध्ये आणायचा, आणि दूर उभ्या माणसाच्या हातातल्या आकडे लिहिलेल्या पट्टीवर नजर टाकायची. अशाच यंत्रांच्या जोरावर बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी लोहमार्गाची गाडी घाटावर चढवली. त्याच शतकाच्या पहिल्या पंचविशीत वैनगंगेवर धूती येथे बंधारा होऊन कालव्याने पाणी खोऱ्यात फिरले. स्थानकाची पिवळी पाटी आपण रोज पाहतो. तिच्या तळाशी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तो आकडा म्हणजे किनाऱ्यावरच्या पाण्यापासून टप्प्याटप्प्याने आपल्या गावापर्यंत आणलेली पाणसळ आहे.

या यंत्राने मोठी कामे झाली हे खरे, पण विद्या दोन ठिकाणी वाटली गेली. यंत्र सरकारी खात्याकडे आणि त्याचे वाचन इंग्रजी शिकलेल्याकडे गेले. गावाकडे डोळा, पाणी आणि अनुभव उरला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पारदर्शक प्लास्टिकची नळी स्वस्त झाली आणि पातळीचे ज्ञान पुन्हा कुणाच्याही हातात येण्यासारखे झाले. म्हणून ती कशी करायची आणि वापरायची, हे येथे सविस्तर सांगतो.

दहा-बारा मिलिमीटर जाडीची, वीस मीटर लांबीची स्वच्छ पारदर्शक नळी घ्यावी. दोन्ही टोकांची जाडी एकच असावी. एक बादली उंच ठेवून तिच्यात नळीचे एक टोक बुडवावे, दुसऱ्या टोकाने ओढून पाणी वाहते करावे आणि नळीतले सगळे बुडबुडे निघून जाईपर्यंत वाहू द्यावे. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली तर रेषा लांबून दिसते. दोन्ही टोकांशी हातभर जागा रिकामी ठेवावी. मग दोन्ही टोके शेजारी धरून पाहावे. दोन्हीकडचे पाणी एका रेषेत आले तरच कामाला लागावे. ही पहिली परीक्षा कधी चुकवू नये. चालताना दोन्ही टोके अंगठ्याने दाबावीत, पाहताना दोन्ही मोकळी सोडावीत. एक जरी बंद राहिले तर पाणी खोटे बोलते. पाणी डोलायचे थांबले की त्याच्या बाकाच्या तळाशी खूण करावी.

घराच्या कामात पहिली खूण एका खांबावर जोत्यापासून एक मीटरवर करतात आणि नळीने तीच खूण प्रत्येक खांबावर, प्रत्येक कोपऱ्यावर नेतात. पुढे खिडकीचा तळ, चौकटीचा माथा, फरशीचा थर हे सगळे त्या रेषेपासून टेपने मोजायचे. एका कोपऱ्याचा दुसऱ्याशी, दुसऱ्याचा तिसऱ्याशी असा मेळ घालत शेवटी पहिल्या खुणेवर परत यावे. तिथे फरक पडला तर वाटेत कुठेतरी चूक आहे.

ढाळही याच रेषेवरून काढतात. न्हाणीघराला शंभरास एक ढाळ द्यायचा तर तीन मीटरवर रेषेपासूनचे अंतर तीन सेंटिमीटरने वाढवायचे. शेताच्या पाटाला हजारास एक ढाळ पुरतो. वीस मीटरच्या नळीने एकेक टप्पा घेत जावे आणि दर टप्प्याला दोन सेंटिमीटर उतरावे; किलोमीटरभरात एक मीटर उतार होतो. डोळ्याला ती जमीन सपाटच दिसेल, पाणी मात्र चालेल. 'पाणी चढावर नेणाऱ्या' पोवारांचे कौशल्य या एका हिशेबात समजते.

चुकाही ठरलेल्या आहेत. नळीच्या उभ्या भागात अडकलेला बुडबुडा स्वतःच्या उंचीएवढी चूक देतो. नळी पिळवटली तर पाणी पोहोचतच नाही. आणि आपल्या उन्हाची एक खास चूक आहे. ऊन पाणी हलके असते. नळीचे एक टोक सावलीत वीस अंशांवर आणि दुसरे उन्हात चाळीस अंशांवर असेल, तर उभ्या एका मीटरला जवळपास सहा मिलिमीटरचा फरक पडतो. मे महिन्यात बालाघाटात हा फरक दुपारी सहज होईल. म्हणून पातळी सकाळी काढावी, किंवा सगळी नळी सावलीत ठेवावी.

या साधनाचा एक सामाजिक गुणही आहे. दुर्बिणीतून एकच माणूस पाहतो आणि बाकीच्यांनी त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा असतो. नळीला दोन माणसे लागतात आणि दोघांनाही आपापल्या टोकाचे पाणी दिसते. मालक आणि मिस्त्री, शेजारी आणि शेजारी, वरच्या बांधीचा शेतकरी आणि खालच्या बांधीचा शेतकरी यांनी दोन टोके धरली तर भांडणाचा निम्मा भाग तिथेच मिटतो.

आता जे काम आपल्यावर येते त्याबद्दल. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारकडे गेले. सुधारणा न्याय्य होती. पण दरवर्षी पाळीवर माती टाकणारी, सांडवा साफ करणारी जी व्यवस्था होती तिच्या जागी तितकी जवळची दुसरी व्यवस्था पुष्कळ गावांत आली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. एकाच खोऱ्यातले एकाच रीतीचे तलाव दोन राज्यांच्या दोन खात्यांत विभागले गेले. गाळ साचत गेला, पाळी झिजत गेल्या.

मातीची पाळ फुटण्याचे एक मोठे कारण सरळ पातळीचे आहे. पाळीचा माथा सगळीकडे सांडव्यापेक्षा उंच हवा. गुरांच्या वाटेने, गाडीच्या चाकोरीने किंवा माती दबल्याने पाळ एखाद्या ठिकाणी खचते आणि ती जागा सांडव्याच्या बरोबरीला येते. मोठ्या पावसात पाणी सांडव्याने जाण्याऐवजी तिथून ओसंडते आणि माती कापत नेते. पाहता पाहता भगदाड पडते आणि खालची धानाची शेते वाहून जातात. खचलेली जागा चालताना लक्षातही येत नाही, कारण शंभर मीटरमध्ये हातभर उतार डोळ्याला दिसत नाही.

ती जागा शोधायला मोठ्या यंत्राची गरज नाही. नळीने टप्प्याटप्प्याने शोधता येते. त्याहून सोपी रीत तलावातच आहे. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असताना, वारा नसलेल्या सकाळी दोघांनी टेप आणि एक सरळ काठी घेऊन पाळीवरून चालावे. दर दहा पावलांवर काठी माथ्यावरून पाण्याच्या दिशेने आडवी धरावी आणि तिच्या टोकापासून पाण्यापर्यंतची उंची मोजून वहीत लिहावी. काठी आडवी राहिली का, हे पाहायला छोटी बुडबुड्याची पाणसळ पुरते. तलावाचे सारे पाणी एकाच पातळीवर असते, त्यामुळे जिथे आकडा सर्वांत लहान तिथे पाळ सर्वांत खाली. तोच आकडा सांडव्याच्या उंबरठ्यावर घ्यावा आणि ताडून पाहावा. पुढच्या जूनपूर्वी माती कुठे टाकायची हे गावाला एका सकाळीत कळेल. कोहळ्यांनी बांधलेला तलाव स्वतःच केवढी मोठी पाणसळ आहे, हेही तेव्हा कळेल.

शहरातल्या घरांनाही हे लागू आहे. आपल्या अनेक जुन्या घरांसमोरचा रस्ता दर काही वर्षांनी नव्या थराने उंच होतो आणि अंगण खाली राहते. पावसाचे पाणी ओट्यावर आल्यावर आपण नालीला दोष देतो. आधी नळी घेऊन रस्ता, नाली आणि जोते यांच्या उंची मोजाव्यात, कागदावर मांडाव्यात आणि तो कागद घेऊन पालिकेकडे जावे. नवे घर बांधणाऱ्याने जोते धरताना रस्त्याच्या आजच्या उंचीवर थांबू नये.

आपली मुले हिंदीत शिकतात आणि 'लेवल' म्हणतात. त्याला हरकत नाही. पण घरात एकदा 'पाणसळ' हा शब्द त्यांना सांगावा आणि एका सुट्टीच्या सकाळी नळी भरून त्यांच्या हाती द्यावी. एका मुलाने अंगणात उभे राहावे, दुसऱ्याने परसात. मधल्या भिंतीमुळे ती एकमेकांना दिसणार नाहीत, तरी दोघांना एकच रेषा सापडेल. आपल्या पूर्वजांची ही विद्या तेवढ्याने त्यांच्यापर्यंत पोहोचेल, आणि गावच्या तलावाच्या पाळीवर जाण्याची वेळ आली तर ती त्यांना उपयोगी पडेल.